फी सहा युरो नव्वदची, खर्च मात्र दुसरीकडेच

वाचकाचं पत्र, थोडक्यात: पत्र लिहिणाऱ्या ताई पुण्यात नोकरी करत होत्या. नवऱ्याला कंपनीने स्टुटगार्टला पाठवलं, तेव्हा नोकरी सोडून त्याही गेल्या. आता वर्ष होत आलंय. सध्या जर्मन शिकतायत, पुढे नोकरी शोधायची आहे. नवऱ्याच्या पगाराचं खातं कंपनीच्या सांगण्यावरून एका जुन्या, शाखावाल्या बँकेत उघडलं होतं. ती बँक महिन्याला 6.90 युरो कापते. दुसऱ्या बँकेच्या एटीएममधून पैसे काढले की दर वेळी 4.95 युरो जातात आणि असं महिन्यातून तीनदा तरी होतंच. कराडला आईकडे दरमहा 500 युरो जातात, त्यावर बँकेची फी 12 युरो. “पुण्यात बँकेने असं कापलं असतं तर मी मॅनेजरच्या केबिनमध्ये जाऊन बसले असते,” असं त्या लिहितात. त्यांनी नऊ बँकांचा तक्ता केलाय, पण निर्णय होत नाही. नवरा म्हणतो, “दोन कॉफींचे पैसे आहेत, कशाला डोकं शिणवतेस?” मैत्रीण म्हणते, ऑनलाइन बँकेत सगळं फुकट असतं. त्यांचा प्रश्न असा: सगळ्यात स्वस्त खातं कुठलं, आणि एवढ्यासाठी बँक बदलणं म्हणजे चिकटपणा होईल का?

उत्तर:

चिकटपणाचं आधी मिटवून टाकू. पैसे कुठे जातात हे बघणं म्हणजे चिकटपणा नव्हे. पण तुमचा तक्ता मी नीट पाहिला. त्यात खात्याच्या मासिक फीचा रकाना आहे, कार्डाच्या फीचा आहे, एटीएमचाही आहे. कराडला जाणाऱ्या पैशांचा रकाना मात्र नाही. ते तुम्ही पत्राच्या शेवटी, जाता जाता लिहिलंय: मागच्या महिन्यात 500 युरो पाठवले तेव्हा बाजारात भाव शंभर रुपयांच्या आसपास होता आणि आईच्या खात्यात 48,350 रुपये जमा झाले.

आता हिशेब करा. शंभरच्या भावाने 50,000 रुपये व्हायला हवे होते. म्हणजे 1,650 रुपये वाटेतच गळाले. वर इकडे कापलेले 12 युरो, म्हणजे 1,200 रुपये. एका खेपेला 2,850 रुपये, म्हणजे साडेअठ्ठावीस युरो. एटीएमचे तीनदा 4.95 धरले तर 14.85. आणि ज्या फीवरून घरात वाद चाललाय ती 6.90. एकूण महिन्याला पन्नास युरो, वर्षाला सहाशेच्या वर. त्यात खात्याच्या फीचा वाटा जेमतेम सातवा. तेव्हा कॉफीच्या हिशेबात नवऱ्याचं फारसं चुकत नाही आणि बँकेवरच्या रागात तुमचंही चुकत नाही. फक्त दोघंही बघताय ती रक्कम सगळ्यात लहान आहे.

वाटेतले 1,650 कोण घेतं? तुमच्या बँकेने युरो जसेच्या तसे स्विफ्टने, म्हणजे बँकांच्या आंतरराष्ट्रीय जाळ्यातून, पाठवले. मध्ये एखादी बँक असते, ती आपला वाटा काढून घेते. उरलेले युरो आईच्या बँकेत पोहोचतात आणि ती बँक आपल्या भावाने त्यांचे रुपये करते. हा भाव बाजारभावापेक्षा कमी असतो. त्यातला फरक पावतीवर फी म्हणून कुठेच छापलेला नसतो, म्हणून तो तुमच्या तक्त्यात आला नाही. शिवाय चलन बदलण्याच्या सेवेवर भारतात जीएसटी लागतो, पण तो किरकोळ आहे. एक लाखापर्यंतच्या रकमेत तिचा एक टक्का हे सेवेचं मूल्य धरतात आणि त्यावर 18 टक्के कर लावतात. पन्नास हजारांवर हा कर नव्वद रुपये होतो. बाकी सगळा खेळ भावाचा.

म्हणून तक्त्याला पहिला रकाना हा जोडा: माझ्या खात्यातून सगळं मिळून 500 युरो गेले, तर आईच्या हातात किती रुपये पडतात? फी किती, भाव काय, हे वेगवेगळं विचारत बसू नका. पैसे पाठवण्याचं काम करणाऱ्या कंपन्यांच्या दोन तऱ्हा आहेत. वाईजसारखी सेवा बाजारातला मधला भाव देते आणि आपली फी वेगळी दाखवते. दुसऱ्या काही ‘शून्य फी’ म्हणतात आणि कमाई भावातून काढतात. काही जण पहिल्या वेळेला फारच गोड भाव देतात, दुसऱ्या खेपेपासून तो जागेवर येतो. तेव्हा तुलना दुसऱ्या खेपेच्या भावाने करा. ताडून बघायला युरोपीय मध्यवर्ती बँक कामकाजाच्या दिवशी दुपारी चारच्या सुमारास रुपयाचा संदर्भ दर जाहीर करते. त्या भावाने कुणी पैसे देणार नाही, पण आपल्याला मिळालेला भाव किती खाली आहे ते त्यावरून कळतं.

दर महिन्याऐवजी दोन महिन्यांचे एकदम पाठवावेत का, असंही तुम्ही विचारलंय. फी ठरावीक असेल तर तेवढ्यापुरती निम्मी होते. भावातली गळती रकमेच्या प्रमाणात असते, ती तशीच राहते. माझं मत विचाराल तर आधी पाठवण्याची पद्धत बदला. ती बदलली की बहुधा दरमहा पाठवणं परवडेल. औषधांचे आणि मदतनीस बाईंच्या पगाराचे पैसे महिन्याच्या महिन्याला येण्यात आईला जो निवांतपणा आहे, तो दहा-बारा युरोंसाठी मोडू नये.

आता खात्याकडे वळू. परदेशातलं पहिलं खातं आपण निवडलेलं नसतंच, ते गळ्यात पडतं. पगार जमा व्हायला, घरभाडं द्यायला, मोबाइलच्या करारापर्यंत सगळ्याला आयबान, म्हणजे तिकडचा खाते क्रमांक, लागतो. कंपनीतली बाई एका बँकेचं नाव सांगते, आपण आन्मेल्डुंगचा, म्हणजे पत्त्याच्या नोंदणीचा, कागद घेऊन तिथे जातो. त्यात चूक काही नाही. पण त्या घाईत मिळालेलं खातं कायमचं असल्यासारखं वागायचीही गरज नाही.

नऊ बँकांच्या वेबसाइट चाळून तक्ता करण्याचे कष्ट वाचू शकतात. 2018 च्या ऑक्टोबरअखेरपासून युरोपीय संघातल्या बँकांना खात्याच्या शुल्कांचं ठरावीक साच्यातलं माहितीपत्रक द्यावं लागतं. जर्मनीत त्याला एंटगेल्टइन्फॉर्मात्सिओन म्हणतात. सेवांची नावं सगळीकडे तीच, त्यामुळे दोन पत्रकं शेजारी ठेवली की काम झालं. आणि जर्मनीची वित्तीय देखरेख यंत्रणा बाफिन हिने जानेवारी 2025 पासून खात्यांच्या तुलनेची स्वतःची मोफत वेबसाइट चालवली आहे. खाजगी तुलना-पोर्टलं वाईट असतात असं नाही, पण त्यातल्या बऱ्याच जणांना तुम्ही खातं उघडलं की बँकेकडून कमिशन मिळतं. बाफिनला मिळत नाही.

याहून उपयोगी एक कागद तुमच्या घरातच असणार. बँकेला वर्षातून निदान एकदा एंटगेल्टआउफश्टेलुंग द्यावंच लागतं. वर्षभरात तुमच्याकडून कशाकशाचे किती पैसे घेतले, डिस्पोचं (शिल्लक संपल्यावर बँक खात्यावर देते त्या उचलीचं) व्याज किती लावलं, याचा तो ताळेबंद असतो. बहुतेक वेळा तो ऑनलाइन पोस्टपेटीत येऊन पडतो आणि कुणी उघडतही नाही. आधी तो उघडा. बँकेची जाहिरात काय म्हणते यापेक्षा आपण खातं कसं वापरतो, यावर आपला खर्च ठरतो.

तुमच्या बाबतीत तो कागद एटीएमकडे बोट दाखवेल. जर्मनीत एटीएमची टोळकी आहेत. श्पारकासे म्हणजे गावोगावच्या बचत बँका, त्यांचं एक जाळं, फोक्सबँका या सहकारी बँकांचं दुसरं, डॉइचे बँक, कॉमर्झबँक, पोस्टबँक, हायपोफरआइन्सबँक यांचा मिळून कॅश ग्रुप तिसरा. आपल्या टोळक्यात पैसे काढले तर बहुतेकदा काही लागत नाही, बाहेर गेलात की 4.95. त्यावर सोपा उपाय म्हणजे सुपरमार्केट. रेवे, आल्डी, लिडल किंवा डीएमच्या गल्ल्यावर सामानाचे पैसे कार्डाने देताना दोनशे युरोंपर्यंत रोख मागता येते. किमान किती खरेदी हवी ते दुकानागणिक बदलतं. रांगेत मागे पाच माणसं उभी असताना मोडक्या जर्मनमध्ये पैसे मागायला पहिल्यांदा जड जातं, हे मान्य. पण गल्ल्यावरच्या बाईला त्यात काही नवं नसतं. एवढ्यानेच महिन्याचे पंधरा युरो वाचले, तर बँक न बदलताही तुमच्या खात्याच्या फीची दुपटीने भरपाई झाली.

मैत्रिणीच्या ‘सगळं फुकट’बद्दल. फुकट खाती खरंच आहेत, त्याला अटी असतात एवढंच. बऱ्याच ठिकाणी दरमहा ठरावीक रक्कम, कुठे 700 तर कुठे 1,000 युरो, जमा व्हावी लागते. पगार चालू असताना हे सहज होतं. नोकरी गेली किंवा कुणी पालकत्वाच्या रजेवर गेलं की नेमकी त्याच वेळी फी सुरू होते. विद्यार्थ्यांना आणि सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांपर्यंतच्या तरुणांना मोफत मिळणारी खातीही अशीच वाढदिवसानंतर गुपचूप सशुल्क होतात. दुसरं म्हणजे ऑनलाइन बँका बहुधा व्हिसा किंवा मास्टरकार्डचं डेबिट कार्ड देतात, गिरोकार्ड या जर्मनीतल्या स्थानिक डेबिट कार्डाचे महिन्याला वेगळे एक-दोन युरो घेतात. आणि तुमच्या गल्लीतली बेकरी नेमकं गिरोकार्डच मागते. तिसरं, शाखा नाही. भाषा अजून अर्धीकच्ची असताना समोर बसलेला माणूस असण्याची किंमत 6.90 आहे का, हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नका. वर्षभरात किती वेळा शाखेत गेलात ते आठवा. उत्तर ‘एकदाही नाही’ असेल, तर ती किंमत तुम्ही उगाच भरताय.

हॅम्बुर्गच्या ओळखीच्यांनी ‘श्पारकासे महाग’ म्हणून सांगितलं असेल तर ते ऐकून सोडून द्या. देशात तीनशेहून जास्त श्पारकासे आहेत आणि प्रत्येकीचं दरपत्रक वेगळं. तुमच्या स्टुटगार्ट शहरात तर ते काम बीडब्ल्यू-बँक करते. तुलना आपल्या गावच्या दरपत्रकाशीच करायची.

तक्त्यातला एक रकाना पुसून टाका: तातडीच्या, दहा सेकंदांत पोहोचणाऱ्या ट्रान्सफरचा. 9 जानेवारी 2025 पासून युरो वापरणाऱ्या देशांतल्या बँकांना त्यासाठी साध्या ट्रान्सफरपेक्षा जास्त पैसे घेता येत नाहीत. त्याऐवजी डिस्पोच्या व्याजाचा रकाना घाला. पगार काही महिने नियमित आला की बँक खात्यावर उचल देऊ करते, आणि त्यावरचं व्याज दहा-बारा टक्क्यांच्या घरात असू शकतं. हजार युरोंनी दहा दिवस खाली गेलात, तर बारा टक्क्यांनी सव्वातीन युरो. ऐकायला थोडे वाटतात. पण शून्य फीच्या खात्यात दर महिन्याअखेर असं होत असेल, तर ते खातं शून्याचं राहत नाही.

फी वाढण्याबद्दलही एक गोष्ट कामाची. एप्रिल 2021 मध्ये जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने पोस्टबँकेच्या प्रकरणात निकाल दिला, की ग्राहक गप्प राहिला म्हणजे त्याची संमती आहे असं धरून बँकेला अटी आणि फी बदलता येणार नाहीत. तेव्हापासून बँकांना विचारावं लागतं. ॲप उघडल्याबरोबर समोर येणारं ‘झुश्टिमेन’चं, म्हणजे संमती देण्याचं, बटण त्यासाठीच असतं. आपण इन्स्टाग्राम उघडायच्या घाईत असल्यासारखं ते दाबून टाकतो. ती पानं वाचा, नाहीतर फोनच्या भाषांतराला वाचायला लावा.

एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, तरी लिहिते. तुमच्या पत्रात ‘त्यांच्या खात्यातून’ हे शब्द पुन्हा पुन्हा येतात. आईला पैसे त्यांच्या खात्यातून जातात, किराणा त्यांच्या कार्डावर होतो, आणि फीचा हिशेब ठेवता तुम्ही. पुण्यात तुमचा स्वतःचा पगार स्वतःच्या खात्यात येत होता. पत्रावरून असं वाटतं, की आईसाठी जाणाऱ्या 500 युरोंचं ओझं मनावर आहे आणि ते कुठून तरी भरून काढायला तुम्ही 6.90 च्या मागे लागलाय. माझा अंदाज चुकीचा असेल तर सोडून द्या. बरोबर असेल तर हे बँकेच्या तक्त्याने सुटणार नाही, नवऱ्याशी बोलूनच सुटेल. ते बोलणं फीवरून सुरू करू नका. “आईच्या पैशांचं आपण कसं ठरवायचं?” असं थेट विचारा. त्यांच्या ‘डोकं शिणवू नकोस’मध्ये कदाचित एवढंच असेल, की त्यांना ते ओझं वाटतच नाही.

तरीही स्वतःचं खातं हवंच. दोघांचं संयुक्त खातं हा एक मार्ग आहे. त्यात दोघांपैकी कुणीही एकट्याने व्यवहार करू शकेल असा प्रकार रोजच्या वापराला सोयीचा. पण एकाने उचल घेतली तर जबाबदारी दोघांची, हे लक्षात असू द्या. दुसरा मार्ग, फक्त तुमच्या नावाचं साधं खातं. उत्पन्न नाही म्हणून मिळणार नाही, अशी भीती बाळगू नका. 2016 च्या जूनपासून युरोपीय संघात कायदेशीरपणे राहणाऱ्या प्रत्येकाला जर्मनीत बाझिसकोंटो, म्हणजे मूलभूत खातं, मिळण्याचा हक्क आहे. नीट भरलेला अर्ज दिल्यावर बँकेला दहा कामकाजी दिवसांत खातं द्यावं लागतं. त्यावर उचल मिळत नाही आणि फी काही वेळा नेहमीच्या खात्यापेक्षा जास्त असते. अर्थात ती वाजवी असावी असं कायदा म्हणतो, आणि 2020 मध्ये त्याच न्यायालयाने एका मोठ्या बँकेची महिना 8.99 ची फी याच मुद्द्यावर अमान्य केली होती. दरमहा पैसे जमा होण्याची अट नसलेलं मोफत खातं सापडलं तर ते आधी बघा. नोकरी लागेल तेव्हा आयबान तयार असलेला बरा. फक्त एका वेळी चार बँकांत अर्ज टाकू नका, खातं उघडलं की त्याची नोंद शूफाकडे, म्हणजे लोकांची पत नोंदवणाऱ्या संस्थेकडे, जाते.

विद्यार्थ्यांसाठी दोन ओळी, कारण अशी पत्रं मला त्यांचीही येतात. व्हिसासाठी लागणारं श्पेरकोंटो, म्हणजे पैसे अडकवून ठेवलेलं खातं, (2024 च्या सप्टेंबरपासून वर्षाला 11,904 युरो, त्यातून महिन्याला 992 मिळतात) हे रोजच्या वापराचं खातं नव्हे. त्याची फी वेगळी, आणि ते पैसे उतरायला साधं गिरोकोंटो, म्हणजे चालू खातं, वेगळं लागतंच. तुलना दोन्हींची करा.

बँक बदलायचं ठरलंच तर जुनं खातं आधी बंद करू नका. नव्या बँकेकडे खाते-बदलाचा अर्ज भरून द्या. जुन्या बँकेला मागच्या तेरा महिन्यांतल्या कायम सूचना (ठरावीक तारखेला आपोआप जाणाऱ्या रकमा) आणि लास्टश्रिफ्टची (समोरचा आपल्या खात्यातून परस्पर कापून घेतो त्या रकमांची) यादी पाच कामकाजी दिवसांत नव्या बँकेला द्यावी लागते. तरी यादीवर स्वतः नजर टाका. रेडिओ-टीव्हीचा रुंडफुंकबाइट्राग (महिना 18.36, पण बहुधा तीन महिन्यांचा एकदम कापला जातो), वर्षातून एकदाच येणारा विम्याचा हप्ता, जिमचा करार, असल्या गोष्टी निसटतात. मग माहनुंगचं, म्हणजे थकबाकीच्या तगाद्याचं, पत्र येतं आणि वाचवलेली फी दंडात जाते. दोन्ही खाती तीन-चार महिने शेजारी शेजारी चालू द्या. तेवढ्या काळातली दुहेरी फी खुशाल भरा.

शेवटी पुण्याची खाती. ती ‘आहेत तशीच’ आहेत, असं तुम्ही लिहिता. तुम्ही दोघंही अनिवासी झालात, तेव्हा साधी बचत खाती फेमा या परकीय चलनाच्या कायद्याप्रमाणे एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयांची रुपयातली खाती, करून घ्यायला हवीत. त्याची किमान शिल्लक बऱ्याच बँकांत वेगळी असते, म्हणून ते दरपत्रकही मागवा. एनआरओच्या व्याजावर भारतात 30 टक्के आणि वर उपकर आधीच कापला जातो. भारत-जर्मनी करारानुसार तो दहा टक्क्यांवर आणता येतो, त्यासाठी जर्मनीत करदाते असल्याचा फिनान्सआम्टचा, म्हणजे तिथल्या कर कार्यालयाचा, दाखला लागतो. हे व्याज जर्मनीच्या विवरणपत्रातही दाखवावं लागतं, मात्र दोघांचं मिळून वर्षाला 2,000 युरोंपर्यंतचं गुंतवणुकीचं उत्पन्न तिथे करमुक्त आहे. आणि भारतातला मोबाइल नंबर रिचार्जअभावी बंद पडायच्या आत बँकेत जर्मनीचा नंबर नोंदवा. ओटीपी येणं थांबल्यावर हेच काम कुरियर, साक्षांकित प्रती आणि वकिलातीच्या अपॉइंटमेंटवर जातं. पुण्याला जाणं होणारच असेल, तर दोघांच्या सह्यांचे फॉर्म आधी डाउनलोड करून भरून न्या. शाखेत एका चकरेत होईल.